दाजीपूर, टॉकीज आणि पन्हाळ्याचा घाट

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. अंबाबाईचं दर्शन झालं का, तांबडा-पांढरा कुठं ओरपला, चपला आणल्या का. या सगळ्यांना आमचं उत्तर ‘हो’ आहे. पण यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आणि ती जोडसुट्टी आम्ही दोघांनी आमच्या आवडीनं घालवायची ठरवली. नवऱ्याला जंगल हवं असतं, मला सिनेमा, आणि सायकल दोघांचीही. हे सगळं एका मुक्कामातून गाठता येईल असं गाव माझ्या माहितीत कोल्हापूरच. एरवी लोक सकाळी येतात, रांगेत उभे राहतात, दुपारी थाळी आणि संध्याकाळी परतीचा रस्ता. एवढ्या घाईत हे गाव हाती लागत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

शुक्रवारी दुपारी सायकली गाडीच्या मागे बांधून पुण्याहून निघालो. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू असल्यानं जागोजागी वळवलेला रस्ता होता, त्यामुळे पोचेपर्यंत रात्र झाली. खोली रंकाळ्याजवळ घेतली होती. तुम्हीही शक्यतो तिथंच बघा. राधानगरीचा रस्ता त्याच बाजूनं निघतो, सकाळी फिरायला तलाव दारात, आणि गंगावेशीतून सायकल काढली की थोड्या वेळात पंचगंगेवर.

शनिवार : धुक्यातलं दाजीपूर

पहाटे पाचला निघालो. पुईखडीची चढण संपली की शहर मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. हळदी, परिते अशी गावं अंधारातच गेली. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात होता, उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याच्या मध्यातून चाललेल्या. अनेक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, तेव्हा या रस्त्यावर पहाटे गाडी चालवणाऱ्यानं डोळ्यांत तेल घालून बसावं.

राधानगरीत एका टपरीवर चहा घेतला. तिथून पुढं रस्ता लक्ष्मी तलावाच्या कडेकडेनं चढत जातो. राधानगरी धरणाच्या पाण्याला इथं लक्ष्मी तलाव म्हणतात. तलाव दिसतच नव्हता. धुकं इतकं दाट की पाण्याच्या जागी नुसता पांढरा सपाट थर, आणि त्यातून पलीकडच्या डोंगरांचे माथे वर आलेले. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे राहिलो, कारण थंडीनं जबडेच वाजत होते.

दाजीपूर कोल्हापूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गेटवर नाव-गाव लिहिलं, शुल्क भरलं, जीप आणि वाटाड्या घेतला. वाटाड्या म्हणजे जवळच्याच वाडीतले पन्नाशीचे एक काका. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पायांत साध्या चपला. नवऱ्यानं कॅमेरा बाहेर काढताच ते म्हणाले, “फोटो मागनं काढा वो. आधी कान लावा. जनावर डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतंय.”

हे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झालं, ते राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या अभयारण्यांपैकी एक. पुढं १९८५ मध्ये हद्द वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. ही माहिती मी जायच्या आधी वाचली होती. काकांची माहिती वेगळी होती. कोणत्या वळणावर कोणतं झाड आहे, ते कधी फळतं, त्यावर कोण येतं, कोणत्या ओहोळाला मे महिन्यातही पाणी असतं, हे त्यांना तोंडपाठ. ऐनाच्या खोडावरची खवल्याखवल्यांची साल त्यांनी हात लावून दाखवली. अंजनीची बारीक, कडक पानं चुरून दाखवली. उंच झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा गोळा होता, ते शेकरूचं, म्हणजे मोठ्या रानखारीचं घरटं. “एकाच शेकराची अशी चार-पाच घरं असत्यात. कुठलं खरं, कुठलं फसवं, ते त्यालाच ठाव,” काका म्हणाले.

जीप धक्के खात आत गेली. जिथं उतरायची परवानगी आहे तिथं उतरून आम्ही चालायला लागलो. उन्हं अजून खाली आली नव्हती. झाडांवरून दव ठिबकत होतं, वाळल्या पानांवर त्याचा टपटप आवाज येत होता, आणि प्रत्येक टपटपीला मला वाटायचं की काहीतरी चालतंय. मग एक आवाज वेगळा आला. काड्या मोडल्याचा, जड. काकांनी हात मागं करून आम्हाला थांबवलं. “हालू नगासा.”

वाटेच्या डावीकडच्या कारवीच्या झुडपांतून आधी एक शिंगांची जोडी आली, मग खांदा. गवा फोटोत पाहणं आणि पंचवीस-तीस पावलांवर पाहणं यात काही साम्यच नाही. गवीण होती, मागून तिचं पिल्लू, तांबूस रंगाचं, आणि त्यामागं आणखी गवे धुक्यातून एकेक करून उमटत गेले. काळपट तपकिरी धिप्पाड अंग आणि गुडघ्याखाली पांढरेशुभ्र पाय, जणू शाळेत निघालेल्या पोराला आईनं मोजे चढवलेत. गविणीनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती, ओली नाकपुडी चमकत होती आणि एक कान सारखा हलत होता, माश्या नसतानाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिनं फुर्रकन आवाज केला आणि कळप वाट ओलांडून उतारावर नाहीसा झाला. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा तसाच लटकत होता. त्यानं एकही फोटो काढला नाही, आणि त्याचं त्याला आजही काही वाटत नाही.

पुढं सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं पठार. जानेवारीत त्यावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. धुकं विरलं, आणि एका बाजूला घाटाखाली कोकण उघडं पडलं. तिथं काकांनी खिशातून शेंगदाणे आणि गूळ काढून आमच्या हातावर ठेवला. त्यांच्या लहानपणी गवे इतके गावाकडं येत नसत, आता पिकात येतात, भात आणि ऊस तुडवतात, हे त्यांनी सांगितलं. गव्याबद्दल तक्रार करताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. “त्यानं जायाचं कुटं? त्याचं घर हितंच की,” असं म्हणून ते उठले.

जाणाऱ्यांसाठी इथंच सांगते. गेट उघडतं तेव्हा हजर राहा, दहानंतर जंगल गप्प होतं. गडद किंवा मातकट कपडे घाला. प्लास्टिक आत नेऊ नका. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं. आणि गाइडशिवाय, मोठ्यानं गाणी लावून जाणार असाल तर कृपा करून जाऊच नका. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा एक गाडी दारं उघडी टाकून स्पीकर वाजवत उभी होती, आणि गेटवरच्या वनरक्षकताई त्यांना खडसावत होत्या. त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

उतरताना राधानगरीत जेवलो. घरगुती खानावळ, नाचणीची भाकरी, सुकं मटण, पातळ तिखट रस्सा आणि फोडलेला कांदा. वाढणाऱ्या मावशींनी “पुण्याची माणसं, तिखट चालंल का?” असं विचारून उत्तराची वाट न बघता वाढलं. मग धरण पाहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे धरण बांधायला घेतलं आणि लेकीच्या, राधाबाईंच्या नावावरून गावाला राधानगरी नाव दिलं. याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की त्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, पातळी उतरली की आपोआप बंद होतो. वीज नाही, मोटर नाही. पावसाळ्यात “राधानगरीचे दरवाजे उघडले” ही बातमी आली की खाली कोल्हापुरात लोक पंचगंगेकडं डोळे लावून बसतात. ते वाक्य मी वर्षानुवर्षं बातम्यांत ऐकत आले होते, दरवाजे समोर पाहिल्यावर त्याचा अर्थ लागला. आणि सोमवारी तर फारच नीट लागला.

रविवार : कॅमेरा, चित्रं आणि शेवटचा शो

पहाटे अंबाबाईचं दर्शन. जोडसुट्टीत दिवसा रांग पार बाहेर जाते, पहाटे मात्र शांतपणे दर्शन होतं. मंदिरातून चालत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी समोर उभ्या, धार काढली की दूध फेसासकट ग्लासात. पैलवान, पहाटे व्यायाम करून आलेले काका, क्लासला निघालेली पोरं, सगळे उभ्याउभ्या धारोष्ण दूध पिऊन मिशा पुसत निघून जातात. मी आधी अर्धाच ग्लास मागितला. दूधवाल्या मामांनी “अर्ध्यानं काय हुतंय, पोरी?” म्हणून पूर्ण भरला. तो मी पूर्ण प्यायले.

मिसळ कसबा बावड्यात. कोल्हापुरी मिसळीसोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, हे नवख्यांना सांगायला हवं. मटकी, फरसाण, वर कट म्हणजे तिखट रस्सा, आणि कट संपला की न विचारता पुन्हा कट. पुण्यातल्या मिसळीबद्दल मला प्रेम आहे, पण कांदा-लसूण चटणीचा हा खमंगपणा तिथं येत नाही.

मग टाऊन हॉलचं संग्रहालय. शासकीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून हा कार्यक्रम मी मुद्दाम रविवारी ठेवला होता. बाहेर गर्द झाडीची बाग, आत ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू. त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची एक छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठच्या टेकाडाखाली, समुद्रापासून घाट चढून इतक्या आत, हा देव दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून आला. लोक तलवारी आणि बंदुकांपाशी गर्दी करून त्याच्यासमोरून निघून जातात. तुम्ही थांबा. शरीराचा तोल एका पायावर टाकून तो उभा आहे, एक हात वर, आणि इतक्या लहान मूर्तीत पाठीचे स्नायूसुद्धा घडवलेत.

आता सिनेमा. माझ्यासाठी कोल्हापूर म्हणजे आधी सिनेमाचं गाव. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. रहदारी इतकी की धड उभं राहता येत नाही, तरी मी फुटपाथच्या कडेला थांबून तो डोळे भरून पाहिला. सिनेमाकर्ते बाबूराव पेंटर १८९० साली कोल्हापुरात जन्मले. शाळा अर्धवट, हाताला चित्रकला आणि सुतारकाम. विलायती कॅमेरा विकत घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा या माणसानं कोल्हापुरात बसून, दामल्यांसारख्या शिष्यांना हाताशी धरून, चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. १९२० साली त्या कॅमेऱ्यावर काढलेला ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला, आणि त्यात बायकांची कामं बायकांनीच केली होती. त्या काळात ही केवढी गोष्ट. याच कंपनीत शिकलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली, आणि १९३२चा पहिला मराठी बोलपटही इथंच तयार झाला. ‘प्रभात’ पुढं १९३३ मध्ये पुण्याला गेली, म्हणून आम्ही पुणेकर तिला आपली म्हणतो. तिची मुळं या गल्ल्यांत आहेत.

नवऱ्याला इतका वेळ सिनेमाच्या इतिहासात काढायला लावल्यावर त्याच्या आवडीचं काही दाखवणं भाग होतं, आणि ते सिनेमानंच दिलं. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचे राजबिंडे चंद्रकांत उत्तम चित्रकार होते, हे अनेकांना माहीत नसतं. जलरंग, तैलरंग आणि मुख्य म्हणजे पावडर शेडिंग. काळी पावडर कागदावर बोटानं, कापसानं चोळून काढलेली निसर्गचित्रं. झाडांचे बुंधे, ओढे, डोंगरावरचा धुरकट प्रकाश. एका चित्रासमोर नवरा थबकला. झाडीत धुकं, आणि धुक्यातून निम्मं दिसणारं खोड. “हे कालचं आहे,” तो म्हणाला. आम्ही दोघं तिथं खूप वेळ थांबलो. आमच्याशिवाय तिथं फक्त एक आजोबा आपल्या नातीला घेऊन आले होते. हे संग्रहालय कुणी चुकवू नये, विशेषतः जंगल पाहून आलेल्यानं.

केशवराव भोसले नाट्यगृहावरून गेलो. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. आता पुनर्बांधणीचं काम चालू आहे. मी कॉलेजात असताना तिथं एक नाटक पाहिलं होतं, लाकडी रंगमंचावरच्या पावलांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट यायचा. बाहेर उभं राहून बघताना गलबलून आलं. मागंच खासबागचं कुस्ती मैदान, लाल मातीचा हौदा मधोमध. तिथं दोन पोरं उगाच एकमेकांना पेच शिकवत होती, त्यांच्यामुळे बरं वाटलं.

सहाचा शो. जुनी एक पडद्याची टॉकीज मुद्दाम निवडली, मराठी सिनेमा. मल्टिप्लेक्समध्ये आपण अंधारात एकेकटे बसतो, इथं सगळं थिएटर मिळून सिनेमा बघतं. नायकाच्या एन्ट्रीला शिट्ट्या, खलनायकाला सल्ले, आणि आईच्या प्रसंगाला एकदम चिडीचूप. माझ्या शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा होते, वडणग्याचे. मध्यंतरात त्यांनी आम्हाला त्यांच्या पिशवीतले फुटाणे दिले आणि विचारलं, “कुठनं आलासा?” पुण्याहून सायकली घेऊन आलोय म्हटल्यावर ते खुलले. “आमच्या टायमाला टॉकीजच्या स्टँडात सायकल लावाय जागा गावायची न्हाई. दूध घालायचं, कॅनी धुवायच्या, आन् सायकल थेट टॉकीजला. एकच पिक्चर आठवड्यात दोन-दोन बारी.” उद्या पन्हाळ्याला सायकलनं जाणार म्हटलं तर म्हणाले, “मग चिखलीचं प्रयाग बघूनच जावा. स्नान चालू हाय महिनाभर.” आमच्या बेतात चिखली नव्हती. त्या आजोबांमुळे ती आली, आणि सोमवारचा सगळा रंगच बदलला.

सिनेमा सुटल्यावर भेळ खाऊन जेवणाला सुट्टी द्यायची ठरवली होती. ते काही जमलं नाही. मटणाच्या थाळीचा वास आला आणि आत गेलो. तांबड्याचं नाव जास्त होतं, पण माझा जीव पांढऱ्या रश्शावर. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, खड्या मसाल्याचा हलका वास. वाटी तोंडाला लावून प्यायची, चमच्यानं नाही.

सोमवार : प्रयाग, जिलेबी आणि वाघबीळचा चढ

उजाडता उजाडता सायकली काढल्या. गंगावेस, शिवाजी पूल, खाली पंचगंगेवर वाफ. पूल ओलांडला की आंबेवाडी आणि तिथून चिखली, सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. गुप्त सरस्वती धरून पाच, म्हणून पंचगंगा. संक्रांतीपासून महिनाभर इथं स्नानाला लोक येतात. आम्ही पोचलो तेव्हा काठावर बायकांची गर्दी होती, कुडकुडत बुडी मारायची, ओल्या पदरानं सूर्याला अर्घ्य द्यायचं, आणि बाहेर आल्यावर एकमेकींना हळदी-कुंकू. शनिवारी ज्या भोगावतीचं पाणी धरणात थांबलेलं पाहिलं, ती इथं शांतपणे बाकीच्यांना मिळत होती.

घाटावर एका आजींनी आम्हाला त्यांच्या घरी चहाला नेलं. सायकलवर बसलेली बाई बघून त्यांना मौज वाटली होती. घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ होती, रंग देऊनही पुसटशी उमटलेली. २०१९चा पूर. “२१ला पण आलं हुतं, पर ह्याच्या खाली,” आजी म्हणाल्या. जनावरं सोडून आधी सोनतळीला नेली, मग माणसं. परत आल्यावर चूल शोधायला लागली, इतका गाळ. धरणाचे दरवाजे, बातमी, नदीकाठचा ऊस आणि ही रेघ, सगळं एका धाग्यात आलं. आजींनी मात्र पुराचं एवढंच बोलून विषय बदलला आणि “पोरंबाळं किती?” विचारलं.

निघालो तोवर गावातल्या शाळेची प्रभातफेरी सुरू झाली होती. पांढऱ्या गणवेशातली मुलं, पुढं लेझीम, मागं घोषणा. आम्ही सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, आणि मग जिलेबी. कोल्हापुरात २६ जानेवारीला जिलेबीशिवाय सण पुरा होत नाही. चौकाचौकांत मंडप, तुपाच्या कढया, आणि किलोकिलोनं जिलेबी नेणारी माणसं. सरपंचकाकांनी आम्हालाही कागदावर गरम जिलेबी दिली. सायकल चालवणाऱ्याला घाटाआधी याहून चांगलं इंधन नाही.

पन्हाळा रस्त्याला लागल्यावर नवऱ्याचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चरचं दुकान झेंडावंदनामुळे बंद होतं. आमच्याकडं ट्यूब होती, पण आम्ही पंप काढेपर्यंत एक कॉलेजचा मुलगा मोटारसायकलवरून जाऊन दुकानदारांना घेऊनच आला. पैसे घेईनात. “आज न्हाई घ्यायचं, दादा. वहिनीसायब सायकलनं गडावर निघाल्यात, लै भारी.”

केर्लीच्या पुढं एका गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि आम्ही आत वळलो. चुलवाणात चिपाड पेटलेलं, वर प्रचंड काहिलीत रस उकळतोय. भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. रसाचा रंग हिरवट राखाडीतून पिवळा, मग तांबूस होत जातो. बुडबुडे आधी लहान आणि घाईचे, मग मोठे आणि सावकाश फुटणारे. गुळवे काका सगळं लक्ष त्या बुडबुड्यांवर ठेवून उभे होते. त्यांनी थोडा पाक पाण्यात टाकून बोटांत वळून बघितला, गोळी टणकन वाजली, आणि एकदम हाक गेली. चौघांनी काहील उचलून वाफ्यात ओतली. एवढा वेळ जो माणूस हललाही नव्हता तो आता धावत होता. काम झाल्यावर त्यांनी आम्हाला ताज्या, कोमट गुळाचा तुकडा आणि स्टीलच्या पेल्यात काकवी दिली. एक ढेप मागितली तर “सायकलवर कुठं बांधणार? जाताना गाडी घेऊन या,” म्हणाले. संध्याकाळी खरंच गाडी घेऊन गेलो. पांढराशुभ्र गूळ बघून भुलू नका, चांगला गूळ तांबूस पिवळा असतो.

वाघबीळपासून खरा घाट. चढ अंगावर येतो असा नाही, पण संपतही नाही. लहान गिअर, एकसारखी लय आणि पाण्याचे छोटे घोट, एवढं सांभाळलं तर रोज सायकल न चालवणारेही चढतील. सुट्टीच्या दिवशी गाड्या फार असतात, तेव्हा नऊच्या आत घाट संपवा. आम्हाला जिलेबी, काटा आणि गुळामुळे उशीर झाला, आणि शेवटची वळणं हॉर्नच्या गजरात चढावी लागली. पायथ्याच्या नेबापूरला शिवा काशीद यांची समाधी आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले त्या रात्री महाराजांचा वेश घेऊन शत्रूसमोर गेलेला हा नाभिक वीर. गडावर जाणाऱ्या हजारोंपैकी फार थोडे तिथं थांबतात. आम्ही थांबलो, बूट काढून नमस्कार केला.

वर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत आला, तेव्हापासून गर्दी वाढली आहे असं चहावाले म्हणाले. अंबरखान्याच्या आत दुपारीही गारवा होता. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली ही धान्याची कोठारं, जाडजूड भिंतींची, वरून धान्य ओतायची भोकं असलेली. वेढ्यात चार महिने तग धरायला आधी पोटाची सोय लागते, हे इथं उभं राहिल्यावर समजतं. तीन दरवाजापाशी पिठलं, भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही विकणाऱ्या मावश्या बसतात. आम्ही त्यांच्याकडंच जेवलो.

उतरताना ब्रेक तपासून घ्या, वळणांवर खडी असते. परतून, खोली सोडून, गुऱ्हाळावरून गूळ घेऊन सहाला महामार्गाला लागलो. गाडीत पुढच्या खेपेचा वाद सुरू झाला. त्याला मे महिन्यात दाजीपूर हवंय, पाणवठ्यावरचे गवे बघायला. मला सप्टेंबरात पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, फुलं असताना. साताऱ्यापर्यंत तडजोड ठरली: मे त्याचा, सप्टेंबर माझा, आणि केशवराव भोसले नाट्यगृहाचा पडदा पुन्हा उघडेल तेव्हा पहिल्या महिन्यातलं एक नाटक दोघांचं.